कुंभारीच्या माळावरचे रोमन

परगावाहून कुणी आलं की लोक विचारतात, प्रवास कसा झाला, घरची मंडळी बरी आहेत ना. आमचे इतिहासाचे मास्तर विचारायचे, "वाटेत पाणी कुठं प्यालात?"

टेंभुर्णीला पुतणीचं लग्न उरकून आलेल्या गणिताच्या शिक्षकांना त्यांनी एकदा शाळेच्या पायरीवरच धरलं. विहीर कुठली, पायऱ्या किती, पोहरा कुणाचा, पाणी गोड की मचूळ. नवऱ्यामुलाची चौकशी नाही, जेवणावळीची नाही. गणिताचे शिक्षक बिचारे हातात लाडवांची पुरचुंडी घेऊन उभे. मास्तरांनी एक लाडू उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "म्हणजे तीन मैल पाण्याशिवाय आलात की! सैन्य असतं तर?"

सैन्य असतं तर, हे त्यांचं ठरलेलं होतं. मंडईत भाजी घेतानाही त्यांच्या डोक्यात सैन्य असायचं.

ते मूळचे मैंदर्गीचे. घरी कानडी, शाळेत मराठी आणि रागावले की दोन्ही. उन्हाळ्यातसुद्धा अंगात काळा कोट. कोटाच्या डाव्या खिशात भाजलेले शेंगदाणे, उजव्यात सुपाऱ्या. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या चहाच्या दुकानात बसले की टेबलावर आधी सुपाऱ्यांचं एक रिंगण मांडायचे. ते म्हणजे गॉथांचे गाडे. मग शेंगदाण्यांच्या रांगा लावायचे. ते रोमन. चहा येईपर्यंत लढाई सुरू व्हायची आणि चहा संपेपर्यंत मास्तरांनी रोमन सैन्य खाऊन टाकलेलं असायचं.

ती लढाई एकच. एड्रियानोपलची. रोमन बादशाहीच्या उतरत्या काळात गॉथ नावाचे जर्मन टोळीवाले बायकापोरांसकट डॅन्यूब नदी ओलांडून आत शिरले होते. बादशहानं त्यांना एड्रियानोपल शहराबाहेर गाठायचं ठरवलं. त्याचा पुतण्या आणखी फौज घेऊन येतच होता. पण विजयाचं श्रेय पुतण्याबरोबर वाटून घ्यावं लागेल, म्हणून हा थांबला नाही. भर ऑगस्टच्या उन्हात शिपायांना आठ मैल चालवलं, अन्न नाही, पाणी नाही. समोर गाड्यांचं रिंगण करून गॉथ आरामात बसलेले. त्यांनी बोलणी लांबवली, रानातलं वाळलं गवत पेटवून दिलं, आणि धुरात, उन्हात, चिलखतात शिजणाऱ्या रोमनांवर मग तुटून पडले. दोन तृतीयांश सैन्य कापलं गेलं. बादशहाचं प्रेतसुद्धा सापडलं नाही. मास्तर त्या बादशहाचं नाव कधी घेत नसत. "तो उतावळा" एवढंच म्हणत, आणि तेही असं, की जणू तो त्यांचा चुलत मेहुणा असावा.

मी त्या शाळेत नुकताच लागलो होतो. चित्रकला आणि शुद्धलेखन. इतिहासाशी माझा संबंध एवढाच, की मास्तरांनी एकदा मला फळ्यावर ती लढाई काढून द्यायला सांगितलं होतं. मी जीव ओतून काढली. घोडे, भाले, ढग. बादशहाला भरघोस मिशा आणि पुणेरी पगडी. मास्तर बराच वेळ बघत उभे राहिले.

"छान आहे. पाणी कुठाय?"

"पाणी नव्हतंच ना, मास्तर?"

"मग ते नाही हे दिसतंय कुठं?" असं म्हणून त्यांनी डस्टर घेतलं आणि माझा बादशहा पगडीसकट पुसून टाकला.

आता खरी भानगड सांगतो. आमच्या जगाच्या इतिहासाच्या पातळ पुस्तकात या लढाईवर एकच वाक्य होतं: रोमन सैनिक विलासी व भेकड झाल्यामुळे त्यांचा पराभव झाला. मास्तर ते वाक्य शिकवत नसत. त्यांची मुलं सांगायची, "तहान लागली होती म्हणून." आदल्या वर्षी तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरांनी इंग्रजी पाचवीच्या वर्गात नेमका हाच प्रश्न टाकला आणि हेच उत्तर आलं. साहेब पोट धरून हसले. जाताना शेऱ्यात लिहून गेले की या शाळेत इतिहासाऐवजी स्वयंपाकघराचं शास्त्र शिकवलं जात असावं.

आमचे हेडमास्तर पुण्याचे. शिस्तीचे, पण मनानं वाईट नव्हते. तो शेरा त्यांना काट्यासारखा सलत होता. चैत्रात त्यांनी मास्तरांना बोलावलं. दुर्दैवानं मी तिथे रजिस्टरवर सही करत होतो.

"हे पाहा, यंदाही साहेब येणार. मुलांना पुस्तकातलं उत्तर लिहून द्या. नाहीतर जूनपासून वरच्या वर्गांचा इतिहास तुमच्याकडून काढून यांना देतो." यांना म्हणजे मला. "तुम्ही खालच्या वर्गांचं शुद्धलेखन घ्या."

मास्तर शांतपणे म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्यानं उन्हात उभं राहून पाहिलंय का कधी?"

"तुम्ही पाहिलंय?"

"पाहतो की. आठ मैल बिनपाण्याचं चालतो. तुम्ही या बघायला."

"तुमचं वय पंचावन्न. तुम्ही पाणी पिऊन चाललात तरी पडाल. यात काय सिद्ध होणार? रोमन शिपाई तरणा होता. तरणा माणूस चालला पाहिजे."

दोघांची नजर माझ्यावर आली. याला कारण मीच. मी रोज तालमीत शंभर जोर काढतो, असं मी नोकरीला लागल्यापासून सगळ्यांना सांगत आलो होतो. तालमीत मी जात होतो हे खरं. तिथल्या कट्ट्यावर वारा छान लागायचा.

"हे शंभर जोर काढतात," हेडमास्तर म्हणाले. "हे आठ मैल उपाशीतापाशी चालून उभे राहिले, तर पुस्तक खरं. पडले, तर तुमचं खरं. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

पुढचे चार दिवस मास्तरांनी माझी सामग्री जमवली. "शोभा नको, वजन पाहिजे," हे त्यांचं धोरण. ढाल म्हणून पहिलीच्या वर्गातला लहान फळा, त्याला दोरी लावून. भाला म्हणजे खिडक्या उघडायचा लोखंडी दांडा. चिलखत म्हणून पाठपोट बांधलेल्या वाळूच्या दोन पिशव्या. शिरस्त्राण म्हणून पितळी पातेलं, उपरण्यानं हनुवटीखाली आवळलेलं. सात रस्त्यावरून निघून अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीच्या पुढच्या माळापर्यंत जायचं. हेडमास्तर आणि मास्तर टांग्यानं पुढे जाणार. गॉथ म्हणून शाळेचा शिपाई आदल्या रात्रीच माळावर मुक्कामाला धाडलेला, भाकरी-कालवण आणि घागरभर पाण्यासकट. माळावर मी दीड तास उन्हात उभं राहायचं, वाऱ्याच्या बाजूला कडबा पेटवायचा, आणि मग शिपायानं मला ढकलायचं. आखलेल्या रेघेमागं मी गेलो, तर रोमन हरले.

आदल्या संध्याकाळी मी मास्तरांना विचारलं, "मास्तर, ते कुठले रोमन, कधी मेलेले. भित्रे म्हटलं काय, तहानलेले म्हटलं काय. तुमचं काय जातं?"

ते कोटाच्या खिशात सुपारी शोधत होते. हात तसाच खिशात राहिला.

"मी जर्मन लढाईत कारकून होतो. तिकडं इराकात, बसऱ्याच्या पुढं. आमची एक तुकडी दुपारभर चालवली होती, पाण्याचे उंट मागं राहिले. समोर आल्यावर माणसं बसली. नुसती बसली, अशी. गोऱ्या साहेबानं रिपोर्टात लिहिलं, भेकडपणा. ती प्रत मी माझ्या हातानं काढली." त्यांनी सुपारी बाहेर काढली, बघितली आणि परत ठेवली. "वाटेत पाणी पिऊ नका. मी बरोबर येत नाही, हेडमास्तर म्हणतात मी तुम्हाला मुद्दाम दमवीन. तुमच्या शब्दावर सोडतो."

मी छाती पुढे काढून शब्द दिला.

आता हे सोलापूर. चैत्र लागला की अक्कलकोट रस्त्यावर हातभर सावली दिसेल तिथे पाणपोई. ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, वर पितळी तांब्या, बाजूला कुणी ना कुणी बसलेलं. तहानेचा प्रयोग करायला मास्तरांनी महाराष्ट्रातला सगळ्यात पाणीदार रस्ता निवडला होता. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. आधीचे दोन दिवस ते स्वतः पायी त्या रस्त्यानं गेले आणि एकेका पाणपोईवर बजावून आले: रविवारी फळा घेतलेला एक माणूस येईल, त्याला पाणी देऊ नका.

तिथेच सगळं बिघडलं. चैत्रात तहानेल्याला पाणी देऊ नका, असं सांगत फिरणारा माणूस त्या रस्त्यानं जन्मात पाहिला नव्हता. रविवारी सकाळी मी निघालो तेव्हा सगळा रस्ता माझीच वाट बघत होता.

पहिल्या पाणपोईवर दोघं जण ओरडले, "आला, आला! फळेवाला आला! या, पाणी घ्या!" मी मान ताठ ठेवून पुढे गेलो. दुसऱ्या पाणपोईवर एकानं मला फळ्यासकट धरलं. तोंड ओलं करण्यापुरता घोट घेतला. तोंड ओलं करणं म्हणजे पिणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या पाणपोईवर लिंबाखाली एक अव्वा, म्हणजे कानडी आजी, बसली होती. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात तांब्या, मांडीवर गुळाची ढेप.

"ये तम्मा, हितं सावलीत ये. तूच न्हवं त्यो?"

"अव्वा, मला पाणी प्यायचं नाही. शपथ आहे."

"कुनाची? त्या काळ्या कोटवाल्याची? पानी देऊ नका म्हनतंय! असलं कुनी सांगतं व्हय? मी त्याला तितंच बोलले, येऊ दे त्याला, बघते कसा पीत न्हाय. कुडी, बाळा, पी."

माझ्या डोक्यावरचं पातेलं एव्हाना भाकरी भाजण्याइतकं तापलं होतं. मी ते काढलं, आणि काढलं की संपलंच. पहिला तांब्या गटकन गेला. दुसरा गुळाबरोबर. मग तिनं ताक काढलं. मग कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मग, सांगायला लाज वाटते, मी वाळूच्या पिशव्या उशाशी घेऊन घटकाभर झोपलो. तिनंच मला हलवून उठवलं. "ऊठ की, लढाईला जायचंय न्हवं तुला?"

माळाजवळ आल्यावर मी तोंडाला माती फासली, ओठांना थोडी राख लावली आणि पाय ओढत चालू लागलो. चित्रकलेच्या शिक्षकाला एवढं जमतं.

दीड तास उभा राहिलो. धुरानं डोळे चुरचुरले, पण पोटात भाकरी आणि ताक होतं. मग शिपाई आला. पन्नाशीचा, काटक माणूस.

"मास्तर, लई जोरात ढकलू का बेतानं?"

"जोरात," मी दिमाखात म्हणालो.

त्यानं ढकललं. मी फळा पुढे केला, पाय रोवले आणि असा रेटा दिला की तो बिचारा मागच्या चरीत बसला. "आयला! ह्ये रोमन लई खाल्लेलं दिसतंय!" तो तिथूनच ओरडला. त्या दिवशी माळावर खरं बोलणारा तो एकटाच.

हेडमास्तरांनी घड्याळाचं झाकण बंद केलं. "संपला मुद्दा. मन खंबीर असेल तर माणूस उभा राहतो. पुस्तक बरोबर आहे."

मला वाटलं, मास्तर वाद घालतील. मला तेच हवं होतं. त्यांनी आरडाओरड केली असती, तर मी मनातल्या मनात त्यांना हट्टी म्हातारा म्हणून मोकळा झालो असतो. पण त्यांनी कोटातून वही काढली, पेन्सिल ओली केली आणि उभ्या उभ्याच लिहिलं. मग मला वाचून दाखवलं, साक्षीदाराला दाखवावं तसं: "आठ मैल, उपाशी, बिनपाण्याचा. रेघ सोडली नाही." वही मिटताना म्हणाले, "उद्या वर्गात पुस्तकातलं लिहून देतो. पुरावा तो पुरावा." टांग्याकडे दोन पावलं गेले आणि थांबले. "मग आमची ती माणसंही तशीच असतील. साहेबाचं बरोबर असेल."

एवढंच म्हणाले. मी परतीच्या वाटेवर टांग्यात त्यांच्यासमोर बसलो होतो. सोलापूर येईपर्यंत त्यांनी एकही सुपारी काढली नाही.

सोमवारी दुसऱ्या तासाला मी इंग्रजी पाचवीच्या वर्गाबाहेर खांबाला टेकून उभा होतो. आतून आवाज आला, "मुलांनो, लिहून घ्या. मी गेली अकरा वर्षं या वर्गात चुकीचं..."

मी आत गेलो. कसा गेलो, आठवत नाही. चाळीस पोरांसमोर म्हणालो, "मी पाणी प्यालो. दोन तांबे. एक घोट त्याच्या आधी. ताक प्यालो. भाकरी खाल्ली. झोपलो."

वर्ग जो हसायला लागला तो हेडमास्तर दारात आले तेव्हाच थांबला. मी त्यांनाही तेच सांगितलं, चटणीसकट. ते लाल झाले.

"तुम्हाला नोकरी हवी आहे की नको?"

"हवी आहे, सर. इतिहास नको."

"म्हणजे प्रयोग झालाच नाही," ते मास्तरांकडे वळून म्हणाले. "पुस्तक आहे तिथेच आहे."

"मग पुन्हा करू," मास्तर म्हणाले.

"आणि चालणार कोण?"

"मी," मी म्हणालो. पोरं पुन्हा हसली, पण या वेळी मला फरक पडला नाही.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "तुमच्या शब्दाला आता किंमत नाही. मी स्वतः तुमच्याबरोबर चालणार. आणि मीही पाणी घेणार नाही. पाण्यावाचून माणूस खंबीर राहू शकतो, हे मीच दाखवीन."

पुढच्या रविवारी मास्तर टांग्यानं पुढे गेले आणि आम्ही दोघं पायी निघालो. मी फळा, दांडा, पिशव्या, पातेलं घेऊन. हेडमास्तर छत्री आणि बूट घालून, मापून पावलं टाकत. पहिले तीन मैल ते मला रोमन स्वभावाबद्दल सांगत होते. चौथ्या मैलात वाक्यं तोकडी झाली. पाचव्यात थांबली. माझी जीभ टाळूला चिकटली होती. पातेल्याच्या कडेनं घाम डोळ्यांत उतरायचा आणि वाटायचं, निदान एवढं तरी ओलं आहे.

लिंबाखाली अव्वा होतीच. मला बघून तिनं तांब्या उचलला.

"नको, अव्वा. आज मी प्यालो तर एक भला माणूस खोटा पडेल."

"पानी प्याल्यानं कोन खोटं पडतंय?" पण माझ्या तोंडाकडे बघून तिनं हात आवरला. मग तिची नजर माझ्या मागं गेली.

हेडमास्तर रस्त्याच्या मधोमध उभे होते. छत्री एका बाजूला कलली होती, ओठ पांढरे पडले होते. ते रांजणाकडे बघत होते. वर्गात एखादा मुलगा उत्तर न येता फळ्याकडे बघतो, तसे. दोन पावलं सावलीत आले आणि बसले. नुसते बसले. अव्वानं काही विचारलं नाही. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि ती धार धरत राहिली. पाणी कोपरांवरून कोटात जात होतं आणि हेडमास्तर डोळे मिटून पीत होते.

"असंच लागतंय, बाबा," ती धार न तोडता म्हणाली. "लाजायचं काय हाय त्यात?"

त्यांनी तोंड पुसलं. "जा तुम्ही पुढे," मला म्हणाले.

"पण सर, साक्षीदार?"

"जा म्हणतो ना."

पुढे अजून दोन पाणपोया होत्या, आणि बघायला कुणी नव्हतं. पहिल्यावर कुणीतरी हाक मारली, मी पळालो. पळवत नव्हतं, तरी पळालो. दुसऱ्याच्या वेळी रस्ता सोडून काट्यांतून गेलो. माळावर पोचलो तेव्हा मास्तर लांबूनच माझे ओठ बघत होते. या वेळी त्यांवर राख नव्हती. मी ढाल धरून उभा राहिलो. कडबा पेटला. दीड तास राहिला दूर, धूर अंगावर आला तोवर समोरच्या एका शिपायाचे दोन झाले, मग दोन्ही तिरपे झाले.

शुद्धीवर आलो तेव्हा शिपाई माझ्याजवळ बसून शपथा घेत होता. "म्या हातबी लावला न्हाय, मास्तर. देवाच्यान! बोटसुदीक न्हाय. आपनच खाली गेले."

मास्तर मला घागरीतून घोटघोट पाजत होते. मला वाटलं, आता म्हणतील, बघा! ते म्हणाले, "हळू. एकदम पिऊ नका." वही त्यांनी त्या दिवशी काढलीच नाही. लिंबाखाली काय झालं ते मी सांगितलं, तरीही नाही.

बऱ्याच वेळानं एका बैलगाडीतून हेडमास्तर आले. माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि गाडीवानाला गाडी परत वळवायला सांगितली.

सोमवारी दुसऱ्या तासाला ते पाचवीच्या वर्गात आले. मी मुद्दाम मागच्या बाकाजवळ काहीतरी शोधत थांबलो होतो. मास्तर खुर्चीवरून उठले. हेडमास्तरांनी मुलांना पुस्तक उघडायला लावलं, ते वाक्य शोधायला लावलं आणि म्हणाले, "त्याच्यापुढे समासात लिहा: आणि त्यांना तहानही लागली होती."

मुलांच्या टाकांची कुरकुर सुरू झाली. हेडमास्तर जायला वळले.

"नाही, सर," मास्तर म्हणाले.

हेडमास्तर थांबले. "नाही म्हणजे? आलं ना तुमचं पुस्तकात?"

"विलासी, भेकड आणि वर तहान, असं नाही चालायचं. तुम्ही काल लिंबाखाली बसलात, तेव्हा भेकड होता?"

माझी नोकरी आधीच डळमळीत होती, आता मास्तरांचीही गेली असं मी धरून चाललो. हेडमास्तरांनी पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातून टाक घेतला, त्याचं पुस्तक ओढलं आणि छापील वाक्यावर स्वतः रेघ मारली.

"खोडा," ते वर्गाला म्हणाले. "साहेबांना मी बघून घेईन."

चाळीस पोरांनी एकदम रेघा ओढल्या. मास्तर उभेच होते, दोन्ही हात कोटाच्या खिशांत, आणि खाली मान घालून एकेका बाकाजवळून जात होते. रेघ सगळ्यांची पुरती गेली आहे की नाही, ते बघत.